शेवटच्या ओळीतला शब्द

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुस्तक खपतंय. प्रकाशक इतके गोड बोलायला लागलेत की मलाच भीती वाटते. शाळाशाळांतून मुलांच्या पत्रांचे गठ्ठे येताहेत आणि सगळ्यांचं भांडण एकच, की शेवटी ती मुलगी परत आली की नाही. एका वर्गात म्हणे दोन तट पडून प्रकरण हातघाईवर आलं. एका मुलानं कळवलंय की लेखिकेला शेवट लिहिता लिहिता झोप लागली असावी.

मी चक्रावले. माझा शेवट तर स्वच्छ होता. मुलगी दार उघडते, आईला ‘जाते’ म्हणते आणि कालव्याकडे चालू लागते. ‘जाते’ म्हणून कुणी घराबाहेर पडत नाही. तो शब्द वाचून ती परतणार नाही हे कळावं आणि पुस्तक मिटावं, एवढंच मला हवं होतं. छापलेलं पुस्तक मी आज पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं, तर तिथे ‘येते’. छापखान्यात शेवटचं प्रूफ तुझ्या हातून जातं, म्हणून विचारते, हे कुणी केलं?

भावोजींचा दम कसा आहे? माझ्याकडच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्यात. रोज तीन जिने चढण्यापेक्षा दोघंही इथे राहायला या. उत्तर लवकर पाठव, रागावून पाठवलंस तरी चालेल.

तुझी,
धाकटी


११ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

कुणी केलं काय विचारतेस, मीच केलं. तुझे ऱ्हस्वदीर्घ मी तू शाळेत होतीस तेव्हापासून निस्तरतेय, तेव्हा कधी जाब विचारला नाहीस. निघताना माणूस ‘येते’ म्हणतं. तिथे ‘जाते’ दिसलं आणि माझी पेन्सिल थांबली नाही.

पण तुझ्यापाशी आडपडदा कशाला. ती मुलगी कोण, हे मला पहिल्याच पानावर कळलं. सायकलची घंटा उगाच वाजवत राहायची खोड, रुसली की भिंतीकडे तोंड करून जेवणं. माझी लेक तू उचललीस, आणि मला विचारलंसुद्धा नाहीस. ठकीची सायकल कालव्याच्या पुलावर सापडली, ठकी सापडलेली नाही. ती निघाली तेव्हा घरात मी एकटी होते. ‘येते’ म्हणून गेली. पोलिसांना मी हेच सांगितलं, यांना हेच सांगितलं आणि तुलाही.

खोल्यांचं नाव काढू नकोस. ठकी येईल ती याच दाराशी. यांना दम लागतो हे खरं, प्रत्येक मजल्यावर टेकत टेकत वर येतात. ते तसे तुझ्याच बाजूचे. मुलगी गेली हे त्यांनी केव्हाच मनाशी धरलंय, माझ्यासाठी बोलत नाहीत इतकंच.

तब्येतीला जप. रागावले असले तरी माया आहे तेवढीच आहे.

ताई


१८ जून

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र वाचून आधी रडले आणि मग चिडले. विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस. ठकीला सायकल मी शिकवली. ती बुडाली, हे चार वर्षं मला कुठेतरी मोठ्यानं म्हणायचं होतं. तुझ्या घरात ते म्हणायची सोय नव्हती, म्हणून पुस्तकात म्हटलं, तर तिथेही तू माझ्या तोंडावर हात ठेवलास.

परवा एका मुलीचं पत्र आलं. तिचा मोठा भाऊ असाच घरातून निघून गेलाय. तिनं लिहिलंय की पुस्तकातली मुलगी ‘येते’ म्हणाली म्हणजे आलीच असणार, हे तिनं आईला वाचून दाखवलं, आणि तेव्हापासून आई दाराला कडी न लावता झोपते. ताई, या पोरीला मी काय उत्तर देऊ?

दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं तुझ्याकडेच येतील. माझा शब्द परत घाल. आणि स्पष्टच लिहिते, त्या एका शब्दावर तू भावोजींना तिसऱ्या मजल्यावर टांगून ठेवलंयस. एक दिवस ते जिन्यातच राहतील, मग कुणाची वाट बघत बसशील?

जीव तुटतो म्हणून इतकं कडू लिहिलं. मोठ्या मनानं घे.

तुझी,
धाकटी


२९ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तू न कळता खरं लिहिलंस. ठकी ‘जाते’च म्हणाली होती. मी प्रुफात मान घालून बसले होते. वर न बघता म्हटलं, जाते काय, येते म्हणावं. ती दारातून मागे वळली, शहाण्यासारखी ‘येते’ म्हणाली आणि गेली. एरवी एवढ्यातेवढ्यावरून हुज्जत घालणारी पोर, त्या दिवशी घातली नाही. मी कुणाला खोटं सांगितलं नाही गं, दुरुस्त केलेली प्रत तेवढी सांगितली. माझ्याच दुरुस्तीवर मी इतके दिवस जगतेय.

म्हणून काल प्रुफं आली तेव्हा ‘येते’ खोडलं आणि समासात तुझा शब्द लिहिला. मग यांना म्हटलं, आपण धाकटीकडे राहायला जाऊ. वाटलं होतं, यांना सुटल्यासारखं होईल. तर हे म्हणाले की ठकी आली तर तिला दार कोण उघडणार. तिचं नाव त्यांच्या तोंडून ऐकून किती काळ लोटला होता. वर त्यांनीच माझी समजूत घातली, की धाकटीच्या पुस्तकातली मुलगीसुद्धा आलीच की, आपण शेवटचं पान नीट वाचलंय.

तुझी भेटप्रत कपाटात तशीच पडून आहे असं मी समजत होते. काढून बघितली. बाकीची पानं कोरी करकरीत आहेत आणि शेवटचं पान हाताळून हाताळून मऊ पडलंय. मी धीराचा समजत होते तो माणूस माझ्याच शब्दावर तग धरून होता.

आज सकाळी ते अंघोळीला गेले तेव्हा समासातला तुझा शब्द आणि ‘येते’वरची रेघ मी रबरानं पुसली. प्रुफं छापखान्यात गेली. त्या मुलीला काय कळवायचं ते तूच बघ, माझ्यात ती ताकद नाही. माझ्यावर रागवायचं तर रागाव, पण पत्रं बंद करू नकोस.

आम्ही तुझ्याकडे येत नाही.

ताई