देण्यांच्या बाजूची ओळ

अण्णा,

तुम्ही गेलात तेव्हा जेवढ्या वयाचे होतात, त्याहून मी आता मोठी आहे. आज लिहायला बसले ती त्या एका ओळीबद्दल. कंपनीच्या ताळेबंदात डाव्या हाताला, भांडवल आणि देण्यांच्या बाजूला, सर्वांत खाली मी ती लिहीत असे: सुचवलेला डिव्हिडंड, म्हणजे भागधारकांना वाटायचा नफा. तुम्ही सांगायचात, मी लिहायची. लढाईची वर्षं होती. काचबिंदूनं तुमची नजर कडेकडेनं मिटत चालली होती आणि सांगलीच्या ज्या तेलगिरणीत तुम्ही हेडक्लार्क होतात, तिथे हे कुणाला ठाऊक नव्हतं. मुलीचं अक्षर चांगलं आहे, पक्की प्रत तिच्याकडून करून घेतो, एवढंच तुम्ही साहेबांना सांगितलं होतं. स्वयंपाकघरात खिडकीशी उजेड असायचा, म्हणून आपण तिथे बसायचो. आई चुलीपुढे असायची. तुम्ही भिंतीला पाठ टेकून आकडे तोंडपाठ सांगायचात आणि मी चुकले तर ते टाकाच्या आवाजावरून तुम्हाला कळायचं.

पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, की डिव्हिडंड अजून कुणी दिलेला नाही, मग तो देण्यांत कसा? तुम्ही म्हणालात, "डायरेक्टर सुचवतात, सभा मंजूर करते. मंजूर होईतो ते कुणाचं देणं नाही." मग तिथे लिहायचा कशाला? "पाहुणे येणार असं कळलं की तुझी आई तांदूळ बाजूला काढते ना? आले नाहीत तर परत डब्यात टाकते. बाजूला काढले म्हणजे वाढले असं नाही." मला ते पटलं होतं. निदान समजलं होतं.

मे महिना आहे. तुम्ही कचेरीत गेला आहात, मी पक्की प्रत पुरी करते आहे, आणि कुंडलची ती बाई दारात येते. नवरा पलटणीत, समुद्रापलीकडे कुठेतरी. लढाईआधी रजेवर आला असताना त्यानं गिरणीचे शेअर घेतले होते, म्हणून ती वर्षातून एकदा तुम्हाला भेटायला यायची. "अण्णासाब न्हाईत व्हय?" म्हणून ती उंबऱ्याशी टेकली. पाणी प्याली. कागदाकडे बघून म्हणाली, "लय अवघड बाई तुमच्या कंपनीचं. आमची म्हस दोन येळंला दूध देती. तुमची वर्साला एकदा, ती बी धा जणांस्नी इचारून." आई हसली. मग बाईनं कामाचं काढलं. पोरगी चौथी पास झाली होती. साताऱ्याला मुलींच्या शाळेत राहायची सोय आहे असं मास्तर म्हणत होते. जूनमध्ये अर्ध्या वर्षाचे पैसे भरायचे, उरलेले दिवाळीला. "म्हस इकून आताचं भरीन. तुमचं आलं की दिवाळीचं भागंल, उरलं तर एक रेडकू घिईन. पर ताई, येणार न्हवं?"

अण्णा आल्यावर विचारा, असं मी म्हणायला हवं होतं. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला कुणी असं काही विचारलं नव्हतं. मी कागद तिच्याकडे फिरवला. तिला वाचता येत नव्हतं. मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हे बघा. देण्यांत लिहिलंय. म्हणजे कंपनी तुमचं देणं लागते." ती त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिली. "लिवलंय म्हंजे झालं," म्हणाली आणि उठली.

ताळेबंद छापून भागधारकांना गेले. जून अर्धा सरला आणि बॉयलरला तडा गेला. लढाई चालू, विलायतेहून काही येण्याची आशा नाही. डायरेक्टर मंडळी बसली आणि त्यांनी डिव्हिडंडची सूचना मागे घेतली. तुम्ही जेवताना सांगितलंत, जसं पाऊस लांबला म्हणून सांगावं तसं. मी म्हटलं, पण छापलंय ना? "छापलं म्हणून काय झालं. सुचवलेला होता." मग सभा काय करणार? "सभेला सुचवल्यापेक्षा कमी करता येतो, जास्त करता येत नाही. काहीच सुचवलं नाही, तर सभेच्या हातात काही नाही." माझ्या ताटात आमटी होती. ती कशी संपवली ते आठवत नाही. म्हैस गेली होती, मुलगी साताऱ्याला पोचली होती.

सभा गिरणीच्या गोदामात झाली. पेंडीचा वास, चाळीसेक माणसं. तुमची दप्तरं सांभाळायला मी. माझ्याखेरीज बाई अशी ती एकच. विषय निघाला तशी ती छापील कागद हातात धरून उभी राहिली.

"सायेब, ह्यात लिवलंय न्हवं?"

अध्यक्ष समजुतीनं म्हणाले, "बाई, ते नुसतं सुचवलेलं होतं."

"कुणी सुचिवलं? म्या तर न्हाई."

लोक हसले. मागून कोणी म्हणालं, "आवं मावशी, बसा की आता. बॉयलर काय तुमी सांधणार हाय?" ती बसली नाही. "तुमीच सुचवायचं आन् तुमीच काडून घ्यायचं. मग आमास्नी कागुद धाडला कशाला?" अध्यक्षांनी तुमच्याकडे पाहिलं. "हेडक्लार्क, बाईंना जरा समजावून सांगा."

तुम्ही उठलात. ती डाव्या हाताला होती आणि तुम्ही जरा उजवीकडच्या खांबाकडे तोंड करून बोललात. जे सांगितलंत ते सगळं बरोबर होतं. नफा वेगळा, रोकड वेगळी. सुचवणं वेगळं, मंजूर होणं वेगळं. सभेनं मंजूर करेपर्यंत ते देणं नसतं.

"मग देण्यात का लिवलं, अण्णासाब?"

तांदळांचं उत्तर तुमच्याजवळ होतं. तुम्ही ते दिलं नाही. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी दप्तराची दोरी बांधत होते. तिनं नाव घेतलं असतं तर मी कबूल केलं असतं, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. तिनं नाव घेतलं नाही. कागदाची घडी घातली आणि खाली बसली.

घरी येताना तुम्ही म्हणालात, "बाईचं खरं आहे. मी ती ओळ तिथे मांडली, म्हणून ती फसली." माझा हात तुमच्या कोपराखाली होता. रस्ता लांब होता. त्या ओळीवर बोट ठेवून मी तिला काय म्हटलं होतं, ते सांगायला पुरला असता.

मुलगी दिवाळीत शाळा सोडून कुंडलला परत आली. पुढच्या वर्षी बॉयलर कसाबसा सांधला गेला, थोडा डिव्हिडंड सुचवला गेला, आणि तुम्ही मला ती ओळ देण्यांतून काढायला सांगितलीत. ताळेबंदाच्या खाली, रेघ ओढून, वेगळी टीप: डायरेक्टरांनी अमुक डिव्हिडंड सुचवला आहे, सभेच्या मंजुरीवाचून तो देय नाही. ती तुम्ही तीनदा बदललीत. पुण्याचे ऑडिटर आले, मी कचेरीबाहेरच्या बाकावर होते. ते म्हणाले, ही रीत नाही, सगळीकडे वर लिहितात. तुम्ही म्हणालात, "सगळीकडे लिहितात. इथे एक बाई फसली." आवाज चढले. तुमचा आवाज चढलेला मी तेवढाच ऐकला. मग ऑडिटरांनी गेल्या सालचा ताळेबंद तुमच्या पुढ्यात सारला असावा. "तुम्हीच केलाय ना? वाचा, तुम्ही काय लिहिलंय ते." आकडे तुम्हाला पाठ होते. पण त्यांनी कुठल्या ओळीवर बोट ठेवलं आहे, ते तुम्हाला दिसत नव्हतं.

नजरेचं उघड झालं आणि तुमची नोकरी सुटली. साहेब चांगले वागले. महिन्याचा पगार जास्त दिला, शाल दिली. ती ओळ पुन्हा वर गेली. त्या वर्षीचा डिव्हिडंड कुंडलला पाठवला, त्या पाकिटावर पत्ता माझ्याच अक्षरात आहे. ते शेवटचं काम म्हणून तुम्ही मागून घेतलं होतंत.

त्यानंतर तुम्ही दिवसभर त्या भिंतीला टेकून बसायचात. एकदा, मी भाजी निवडत असताना, तुम्ही विचारलंत, "ओळ खाली असती तर ती बाई फसली नसती. नाही का गं?"

"नसती," मी म्हटलं.

तुम्ही मान हलवलीत. तुम्हाला बरं वाटलेलं मला दिसलं. तुम्हाला माझं तोंड दिसत नव्हतं, आणि त्याचा त्या वेळी मला आधार वाटला.