छातीवरचा इंग्रजी शब्द

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते, तेव्हा उगाच जीव टांगणीला लावून बसू नकोस.

आमच्या गिऱ्हाइकांचे फोन घेण्याच्या कचेरीत साहेबाने सगळ्यांना टीशर्ट वाटले. छातीवर ‘इनडॉमिटेबल’. स्वतःच्या शर्टावर मात्र ‘इन्व्हिन्सिबल’. मी कोशात पाहिलं. त्याचा शब्द लॅटिनमधल्या जिंकण्यावरून आलाय, म्हणजे जिंकता न येणारा. आमचा आलाय जनावर माणसाळवण्यावरून, म्हणजे ज्याला वेसण घालता येत नाही असा. त्या दीडशहाण्याने अर्थ बघायची तसदी घेतली असती तर शर्ट वाटलेच नसते. कारण त्याच दिवशी त्याने भिंतीवर फर्मान चिकटवलं, की त्याला विचारल्याशिवाय कुणी खुर्चीवरून उठायचं नाही.

माझ्या शेजारी बसणारी मुलगी पोटुशी आहे. बाथरूमला जाऊ का, असं विचारून विचारून बिचारी रडकुंडीला आली. “जेवणाच्या सुट्टीत जा,” म्हणाला मेला. मी तिचा हात धरला आणि सरळ निघाले.

“कुणाला विचारून?” तो खेकसला.

“तुम्हीच छापलंय छातीवर. वाचा की!”

मागे आणखी खुर्च्या सरकल्या, तसा आमचा हा अजिंक्य वीर घाम पुसत केबिनमध्ये शिरला आणि त्याने आतून कडी लावली. फर्मान संध्याकाळी गुपचूप भिंतीवरून उतरलं. माझ्या नोकरीचं सोमवारी कळेल. आईला एवढ्यात सांगू नकोस.

बाळाचा खोकला थांबला का? आणि माहेरी यायचं म्हटलं की तू अजून सासूबाईंच्या तोंडाकडे बघत उभी राहतेस का गं?

तुझीच,
धाकटी