जर्दाळूच्या तीन झाडांचा आंतरराष्ट्रीय प्रश्न

१४ मे. संध्याकाळ.
आजपासून रोजनिशी. कारण गंभीर आहे. मोठ्या देशाने छोट्या देशात रणगाडे घातले. टीव्हीवर सकाळपासून तेच. दोन्ही देशांची नावं इथे लिहीत नाही, ही वही कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. मोठा आणि छोटा एवढंच म्हणेन.
जगातले नेते एका लांबलचक टेबलाशी बसले, 'तीव्र चिंता' व्यक्त केली आणि जेवायला गेले. संताप आला. लाज वाटत नाही?
संकल्प: अशा प्रसंगी जागतिक नेत्यांनी काय करावं याचा संपूर्ण आराखडा मी लिहिणार. तांत्रिक विद्यालय मी दुसऱ्या वर्षी सोडलं हे खरं, पण ते प्रकृतीमुळे. विचार थांबलेले नाहीत.
कलम पहिलं: घुसणाऱ्याला पहिल्याच दिवशी, तोंडावर, 'बाहेर हो' असं सांगावं. उशीर म्हणजे संमती.
वाचून अंगावर काटा आला.

१८ मे.
मामाच्या गावी लग्नाला गेलो होतो, आज परतलो. दरम्यान शेजारच्या तोकसेयित काकांनी कुंपण सरकवलं आहे. आमच्या बाजूला. बाबांनी लावलेली जर्दाळूची तिन्ही झाडं आता त्यांच्या अंगणात.
आई खांबांपाशी बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, सेरिकबोल, तुझे बाबा गेले, आता या घरातला पुरुष तू. जा आणि सांग त्याला. फळ पिकायच्या आत सांग. एकदा त्याने फळ उतरवलं की सगळं गाव म्हणेल झाडं त्याचीच.
ती जर्दाळू सुकवून आई बाजारात विकते. आमचा हिवाळा त्यावरच निघतो. तेव्हा प्रश्न साधा नाही.
मी लगेच गेलो. काका शेवटचा खांब ठोकत होते. म्हणाले, या पंतप्रधान, कसं झालंय कुंपण? मी म्हणालो, सरळ आलंय. खरोखरच सरळ आलं होतं. पहिल्याच भेटीत वातावरण बिघडवण्यात अर्थ नसतो.
आईला सांगितलं, प्राथमिक संपर्क झाला. ती म्हणाली, खांब हलले का? मी म्हणालो, खांब हा दुसरा टप्पा.

२१ मे. दुपार.
आराखड्यात निर्बंधांचं कलम पूर्ण. नेते निर्बंध घालतात आणि मागच्या दाराने तेलही घेतात. मी स्पष्ट लिहिलं: निर्बंध पूर्ण हवेत, पहिल्या दिवसापासून हवेत, त्यात फट नको.
घरीही निर्बंध लागू केले. काकांना आमची शिडी द्यायची नाही. त्यांच्या घरचं काही खायचं नाही. गुलसिमला, म्हणजे माझ्या बहिणीला, तसं सांगितलं. ती दवाखान्यात नर्स आहे, स्वभावाने फटकळ. म्हणाली, दादा, त्यांच्या घरचं खातो कोण? तूच तर.

२२ मे.
काकूंनी बावर्साक तळले. तो वास कुंपण मानत नाही. कणकेचे गरम गरम गोळे, वरून साय. आठ खाल्ले. पण खाताना चेहरा गंभीर ठेवला होता, तो त्यांच्या लक्षात आला असेलच.
जाताना काकांनी शिडी मागितली. मी खडसावून विचारलं, कशाला? ते म्हणाले, जर्दाळूच्या वाळक्या फांद्या छाटायच्यात. फांद्या छाटणं झाडांच्या हिताचं असल्यामुळे मानवतावादी अपवाद केला. शिडी परत करण्याची अट घातली आहे.

२६ मे.
टीव्ही: मोठा देश आणखी पुढे सरकला. नेत्यांनी निरीक्षक पाठवले. निरीक्षक म्हणे दुर्बिणीतून बघतात. हसावं की रडावं! आराखड्यात लिहिलं: नुसतं बघणारा माणूस हा घुसखोराचा पाहुणा.
सकाळपासून मी आमच्या छपरावरून काकांवर नजर ठेवली. ते खांबांना तार लावत होते. एकट्याला ओढवेना. वर बघून ओरडले, अरे छपरावर काय अंडी घालतोयस, खाली ये, हे टोक धर! धरलं. त्यामुळे तार किती ताणलेली आहे, कुठे कुठे खिळे आहेत, ही सगळी माहिती जवळून मिळाली.
गुलसिम कामावरून परत आली तेव्हा मी शेवटच्या खांबाला तार गुंडाळत होतो. ती सरळ आत जाऊन आईला काहीतरी म्हणाली आणि आतून दोघींचं हसू ऐकू आलं. नंतर आईचं हसू थांबलं. ते मला आवडलं नाही.

२ जून.
शांतिसेना तैनात केली. म्हणजे आमचा कुत्रा अक्तोस कुंपणापाशी बांधला.
संध्याकाळी: अक्तोस काकांच्या ओसरीत झोपला आहे. त्यांच्याकडे आज हाडं होती.

९ जून.
फळं पिवळी पडायला लागली. रात्री झोप नीट येत नाही. आराखडा मात्र छान चालला आहे. शुद्धलेखन तपासून झालं की सगळ्या राजधान्यांना पाठवणार. घाई करून चुकीचा मजकूर जायला नको, म्हणून पुन्हा पहिल्यापासून तपासतो आहे.
आज आई चुलीपाशी बसून म्हणाली, तू त्या मोठमोठ्या लोकांना काय करायचं ते शिकवतोस. त्यांनाही घरी बसून कागदच लिहायचे असतील, म्हणून तुझं त्यांना पटेल. मी म्हटलं, आई, मी तोडगा काढतोच आहे. शिखर परिषद बोलावतो. ती म्हणाली, मेंढी कापावी लागेल. मी म्हटलं, परिषद म्हटली की खर्च आलाच.
मग म्हणाली, ओराझाली आजोबांना बोलव. ते आपल्या पंगतीला जेवायला बसले की तोकसेयितला बोलावंच लागेल.
ओराझाली आजोबा गावातले सर्वांत वडीलधारे. त्यांनी एकदा हात उघडून दुवा दिली की ती गोष्ट गावात पक्की. ती परत फिरवता येत नाही. मध्यस्थ म्हणून यापेक्षा चांगला माणूस नाही.

१४ जून.
उद्या परिषद. पाहुणे: आजोबा, तोकसेयित काका, त्यांचा मुलगा झांदोस.
मांस वाढायचं काम माझं, कारण यजमान मी. आई सकाळपासून बजावते आहे. डोकं आजोबांना. कमरेचं हाड काकांना. झांदोसला खांद्याचं. छातीचं तेवढं आत ठेव, ते जावयाचं, ते आज कुणाच्या पानात जायचं कारण नाही.
मला हे सगळं ठाऊक आहे. पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. पण मी यावर मूलभूत विचार केला. जगातल्या परिषदा का फसतात? कारण एकाला डोकं मिळतं आणि दुसऱ्याला नळी. तिथूनच रुसवेफुगवे सुरू. माझ्या आराखड्यातलं सर्वांत नवं कलम हे आहे: टेबलावर सगळे समान.
म्हणून सगळ्याच हाडांच्या चिठ्ठ्या टाकणार. आईला सांगितलेलं नाही. मोठे निर्णय आधी फुटू द्यायचे नसतात.

१५ जून. सविस्तर लिहितो.
पाहुणे वेळेवर आले. आजोबा दारासमोरच्या मानाच्या गादीवर. आई आणि गुलसिम स्वयंपाकघरात. मी बाबांच्या टोपीत चिठ्ठ्या घालून ती फिरवली. समानतेबद्दल दोन शब्द बोललो. कुणाला फारसं कळलं नाही, पण कुतूहलाने सगळ्यांनी चिठ्ठी उचलली.
निकाल. ऐंशी वर्षांच्या ओराझाली आजोबांना मानेचं हाड. काकांना नळी. झांदोसला छातीचा भाग. आणि मेंढीचं डोकं मला.
ते माझ्या पुढ्यात ठेवलं तेव्हा खोलीत कुणी चघळतसुद्धा नव्हतं. डोकं माझ्याकडेच बघत होतं. आजोबांनी त्या मानेच्या हाडाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग झांदोसच्या पानाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.
म्हणाले, अरे गाढवा, असं आहे होय! मला वाटलं कुंपणाचं काहीतरी रडगाणं आहे. मुलगी द्यायची आहे तर सरळ सांगायचं. त्यासाठी टोपी कशाला फिरवलीस? तोकसेयित, तुझ्या पोराला यांनी जावई केला!
मी 'नाही' म्हणणार होतो. तोंडात शब्द तयार होता. पण एवढ्या वयाच्या माणसाचं बोलणं मध्येच तोडणं बरं दिसलं नसतं. तेवढ्यात त्यांनी दोन्ही तळवे उघडले, जोडप्याला लेकरं, गुरं आणि आयुष्य मागितलं आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवले. सगळ्यांनी फिरवले. सवयीने मीही फिरवले.
दारात गुलसिम चहाचे पेले घेऊन उभी होती.
काका उठून मला मिठीच मारायला आले. म्हणाले, सोयरे झालो! आता तुझं काय नि माझं काय! जर्दाळू घरातल्या घरात राहिली!
झांदोस मान खाली घालून बसला होता. त्याने छातीचा भाग खाल्लाच नाही. त्याच्या वडिलांनी तो रुमालात गुंडाळून रिवाजाप्रमाणे घरी नेला.
मूल्यमापन: परिषद निष्फळ म्हणता येणार नाही. दोन्ही बाजूंत कायमचे संबंध प्रस्थापित झाले आहेत.

१६ जून. पहाट.
गुलसिमने एवढंच विचारलं, मला विचारलंस का? मी म्हणालो, छोट्याला कधीच कुणी विचारत नाही, यावर माझं पूर्ण एक कलम आहे. तिने दार इतक्या जोरात लावलं की घड्याळ खाली पडलं.
रात्री तिच्या खोलीतून रडण्याचा आवाज आला. मी दाराबाहेर उभा होतो. काय म्हणायचं ते आठवेना. आराखड्यात तसं काही लिहिलेलं नाही.
सकाळी काकांकडे जाऊन सगळं स्पष्ट सांगायचं ठरवलं आहे. आधी मुद्दे लिहून घेतो. निवांतपणा हवा म्हणून गवताच्या माळ्यावर जातो आहे.

१६ जून. संध्याकाळ.
मी माळ्यावर मुद्दे लिहीत असताना खाली काही घडामोडी झाल्या. माळ्याच्या फटीतून काही दिसल्या, उरलेल्या आईकडून कळल्या.
गुलसिम नर्सच्या पांढऱ्या कोटातच निघाली, आई तिच्या मागोमाग. वाटेत ओराझाली आजोबांना त्यांच्या बाकावरून उठवून बरोबर घेतलं. तोकसेयित काकांच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, काका, काल आमच्या घरून चुकून एक मांसाचा तुकडा तुमच्याकडे आला. तो परत द्या.
काका म्हणाले, पोरी, आजोबांची दुवा झाली आहे. ती म्हणाली, झाली ना? मग ऐका. मी या घरात आले तर आई एकटी राहणार नाही, ती माझ्याबरोबर येणार. आणि माझा भाऊ तिच्याबरोबर येणार. तो रोज सकाळी तुमच्या ओसरीत बसेल, टीव्हीवरच्या बातम्या लावेल आणि त्यांचा अर्थ तुम्हाला समजावून सांगेल. जेवताना हाडांच्या चिठ्ठ्या टाकेल. मरेपर्यंत.
आई म्हणते काकांचा रंगच उडाला. त्यांनी आजोबांकडे बघितलं. आजोबा दाढीला हात लावून म्हणाले, मी दुवा सुखी संसारासाठी दिली होती. यात सुख कुठे दिसत नाही मला. न लागू झालेली दुवा मोजत नाहीत.
झांदोस पळत आत गेला आणि तो तुकडा घेऊन आला. धावतच. त्याची शहरात कुणीतरी आहे म्हणे. गुलसिमने तुकडा हातात घेतला आणि म्हणाली, आता आमची झाडं. झांदोस उसनी शिडीसुद्धा घेऊन आला आणि तिला म्हणाला, ताई, पहार आणू?
मग तिने पहिला खांब हलवायला घेतला. आईने दुसरा. काका काही वेळ उभे राहिले. आजोबा त्यांना म्हणाले, बघतोस काय, दुसरं टोक धर. आणि काकांनी धरलं.
चहा निवायच्या आत कुंपण जुन्या जागी.
मूल्यमापन: माझ्या धोरणाला फळ आलं. घुसखोराला माघारीस भाग पाडणारी जी धास्ती होती, ती मुळात माझीच होती. जागतिक भाषेत याला प्रतिरोधक शक्ती म्हणतात. गुलसिमला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, दादा, खाली उतर आणि खांबांचे खड्डे बुजव.
बुजवले.

२९ जून.
जर्दाळू उतरवली. यंदा फळ भरपूर. सगळी छपरावर वाळत आहे. आईने आनंदाने पुन्हा जेवण घातलं. या वेळी वाढायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. मला वाटतं, मला पाहुण्यांशी बोलायला मोकळीक मिळावी म्हणून.
डोकं ओराझाली आजोबांच्या पुढ्यात. त्यांनी मला विचारलं, तुझं ते नेत्यांचं कुठवर आलं? मी उत्साहाने पहिल्या कलमापासून सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या कलमाच्या मध्यावर त्यांनी सुरी उचलली, डोक्याचा डावा कान कापला आणि आपल्या हाताने माझ्या पानात वाढला. सगळ्यांसमोर. मग उजवा कान कापून आपल्या पणतीला दिला. ती पहिलीत आहे.
तिला म्हणाले, हे खा बाळ, म्हणजे मोठ्यांचं ऐकायला येईल. मला काही म्हणाले नाहीत, नुसती पाठ थोपटली.
अर्थ उघड आहे. आता जगाने कान माझ्याकडे द्यायचा आहे.
थोडा चिवट होता. सगळा खाल्ला.