नदीकाठच्या चौकटी

४ मार्च, सोमवार

पुतळे! माझ्या स्टोरीबोर्डमधली, अ‍ॅनिमेशनपटाच्या कच्च्या चित्रचौकटींतली माणसं म्हणजे पुतळे! दिग्दर्शक सगळ्यांसमोर म्हणाले. आम्ही त्यांना पाठीमागे ‘कात्री’ म्हणतो ते उगाच नाही. नदीत बुडणाऱ्या मुलीला आई दोराने ओढून काढते – अख्ख्या सिनेमाचा जीव त्या प्रसंगात – आणि माझी आई जणू वाळत घातलेले कपडे काढतेय! शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर माझ्या जागी दुसरं कोणीतरी.

५ मार्च

जेवणाच्या टेबलावर चित्रं पसरून बसले होते. नणंदबाई आल्या. लग्न मोडल्यापासून आमच्याकडेच असतात. पूर्वी अ‍ॅनिमेशन करायच्या, आता त्याचं नावही काढत नाहीत. आमचं बोलणं ‘भाजीत मीठ घातलंय का’ एवढ्यापुरतं. आज मात्र थांबल्या.

“वहिनी, ही ओढणार आहे, की ओढून झालंय?”

अंगाचा तिळपापड झाला. पण चित्र पुन्हा बघितलं – दोन्हीपैकी काहीच नाही!

“उडी मारण्याआधी माणूस दबतो. ओढण्याआधी पुढे झुकतो. ते आधीचं काढ.”

६ मार्च

दोन दिवस रजा टाकली. नणंदबाईंनी चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसऱ्या टोकाला आमचे हे! ओढलं. हे जागचे हलेनात.

“अगं, जरा दमानं –”

“तू गप्प बस दादा, तू बुडतोयस.”

हसून हसून पुरेवाट. मग मुकाट काढत बसले. जोर हातात दिसत नाही – टाचांत दिसतो, कमरेत दिसतो. आणि अंग थांबलं तरी केस लगेच थांबत नाहीत. ते पुढे जातात, मग थांबतात. इतकी वर्षं कुठे बघत होते मी?

७ मार्च

“पुन्हा.” दिवसभर नणंदबाईंचं एवढंच! कागद त्यांच्या तोंडावर फेकावेसे वाटले. उद्या शुक्रवार.

८ मार्च

कात्रीसाहेब एकेक चौकट बघत राहिले.

“हिचा आता जोर लागतोय. कोणाकडे शिकलीस?”

‘माझी मीच’ – अगदी जिभेवर आलं होतं.

“नणंदेकडे.”

“सोमवारी घेऊन ये त्यांना.”

११ मार्च, सोमवार

घेऊन गेले. त्या आत, मी बाहेर. मग साहेबांनी मलाही बोलावलं. नदीचा प्रसंग पास. पण पुढचा सगळा सिनेमा त्यांना नणंदबाईंकडून हवाय. “जागा एकच आहे. समजून घे.”

हाताला धरून नेलं मी, आणि धोंडा माझ्याच पायावर! नणंदबाईंनी विचार करायला वेळ मागितला.

१२ मार्च

घरात बोलतात ती फक्त भांडी. हे माझ्याकडे बघतात, बहिणीकडे बघतात, पेपरात तोंड घालतात. “मी काय सांगू? इकडे आड, तिकडे विहीर!”

त्या नाही म्हणतील. त्यांनी म्हणायलाच हवं!

१३ मार्च

काल रात्री साहेबांना फोन करून हो म्हणाल्या. मला न विचारता.

सकाळी डबा मीच भरून दिला. का, ते विचारू नये कोणी. दारात थांबल्या.

“वहिनी, साहेबांनी ‘कोणाकडे शिकलीस’ विचारलं तेव्हा खोटं बोलली असतीस तर?”

“तर तुम्ही आजही घरीच असता, ताई.”