अर्धी निळी रेघ

हॅनकॉक, मिशिगन
शनिवार, १५ ऑक्टोबर २०२२

प्रिय लौरी,

थोरल्या भावाचा आशीर्वाद. पण तो घ्यायचा की नाही ते पत्र शेवटपर्यंत वाचून मग ठरव.

इकडे सगळे हिंडते-फिरते आहेत. बर्फ एकदा पडून गेला. तुझ्या वहिनीने, इंगाने, गुडघा नवा बसवून घेतला, आता ती माझ्या आधी जिना चढते आणि वरून मला हाका मारते. आपल्या बहिणीच्या, हेल्मीच्या झाडाला यंदा इतकी सफरचंदं लागली की आम्ही पिशवी घेऊन निघालो की शेजारी दार लावून घेतात. दर शनिवारी तिच्याकडे वाफेच्या आंघोळीचा सौना तापतो, ते काही चुकलेलं नाही. तुझा टॉवेल अजून त्याच खुंटीला आहे. ती तो धुते आणि परत तिथेच अडकवते.

तुझं पत्र मंगळवारी आलं. आईच्या अंत्यविधीनंतर साडेपाच वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. सहा ओळी, त्यातल्या चार खिळे ठोकायच्या यंत्राबद्दल, नेलरबद्दल. इंगाने वाचलं आणि म्हणाली, "भावाभावांना बोलायला शेवटी खिळेच सापडले का?" मी हसलो. मग गॅरेजमध्ये जाऊन हत्याराची पेटी उघडली आणि परत लावली.

तुझ्या तैनाच्या लेकीचा फोटो फ्रिजवर लावलाय. आईचं नाव ठेवलंत, लेम्पी. बरं केलंत. नाक मात्र बाबांचं आलंय बिचारीला.

तर नेलर. प्लंबरने सुताराला सल्ला विचारला म्हणजे प्लंबर म्हातारा झाला, असं मी पूर्वी म्हटलं असतं. तैनाच्या घरात स्कर्टिंग म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी, दारा-खिडक्यांच्या चौकटींच्या पट्ट्या आणि बाळाच्या खोलीत छताकडेची पट्टी, एवढंच काम असेल तर एकच घे, सोळा गेजचा. गेजचा आकडा वाढतो तसा खिळा बारीक होतो. असं उलटं का, ते मला विचारू नकोस. पंधराचा खिळा जाड. जड दाराच्या चौकटीला तो बरा, पण भोक मोठं पाडतो, मग पुट्टी भरत बस. अठराचा शिवायच्या सुईसारखा. भोक दिसत नाही, पण वाकडी स्कर्टिंग भिंतीला ओढून धरायची ताकद त्याच्यात नाही. सोळाने सगळं निभतं.

बॅटरीवाला घे. हाताला जड लागेल, पण एका घरासाठी हवेचा कंप्रेसर आणि त्याची नळी कुठे ओढत फिरतोस? शिवाय बाळ नुकतं झोपलेलं असताना कंप्रेसर धडधडला तर तैना तुला नळीसकट बाहेर काढील. दुकानात गेलास की खोक्यावरचं वाचू नकोस, नेलर हातात घे. डोक्याच्या वर धरून सावकाश शंभरपर्यंत मोज. खांदा कुरकुरला तर दुसरा बघ. खिळा किती आत जाईल ते ठरवायचं चाक नुसत्या बोटाने फिरलं पाहिजे, आणि तोंडाला रबराची टोपी हवी, नाहीतर नरम पाइनवर चंद्रकोरी उमटतात. चाप असा बघ की तोंड लाकडावर टेकवून दर खिळ्याला नव्याने ओढावा लागेल. एकदा दाबून धरला की ठकाठक सुटत जाणारा नको. तो घाई असलेल्या माणसांसाठी असतो.

आणि पट्टी धरणारा हात खिळ्यापासून वीतभर लांब ठेव. खिळा सरळच जाईल असं नसतं, लाकडातल्या रेषेच्या मागे वळतो आणि बाजूने बाहेर येतो. माझ्या डाव्या अंगठ्याला विचार.

राहिली खिळ्याची लांबी.

इथवर लिहून मी उठलो, कॉफी केली, पक्ष्यांना दाणे घातले, इंगाला विचारलं काही आणायचंय का. ती म्हणाली, "तू सकाळपासून चार वेळा विचारलंस. बस आणि लिही."

पट्टीची जाडी, मागच्या फळीची जाडी आणि भिंतीतल्या उभ्या वाशात अर्धा-पाऊण इंच. दोन इंची पुरे. अडीच इंची घेऊ नकोस. दुकानदार म्हणेल लांब खिळा घट्ट धरतो. म्हणू दे.

वर जे लिहिलं ते तुला कोणीही सांगितलं असतं. तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीने माझी चार दिवस झोप उडवली. "सगळं क्रमाने लिही, मी हल्ली विसरतो, तुला माहीतच आहे." गुरुवारी तैनाला फोन केला. म्हटलं, बाबा कसे आहेत? ती म्हणाली, "काका, डॉक्टर म्हणतात डोकं ठणठणीत आहे. पण ते लेम्पीला हातात घेत नाहीत. दोन महिने झाले, एकदाही नाही. म्हणतात, माझा भरवसा नाही, मी काहीतरी विसरीन आणि तिला काहीतरी होईल." मग ती रडायला लागली, आणि मी तिला सांगितलं की नव्या आजोबांचं असं होतं. इतकी वर्षं खोटं वागून सवय झाली की माणूस रडणाऱ्या पोरीशीही खोटंच बोलतो.

तुला माहीतच आहे, म्हणतोस. हो, मला माहीत आहे. फक्त मलाच माहीत आहे.

२००९चा सप्टेंबर. हेल्मीच्या घरात आपण दोघांनी मिळून सौना बांधला आणि त्याच्या बाहेरची कपडे बदलायची खोली. पाण्याचं काम तुझं, लाकडाचं माझं. शॉवरची तांब्याची नळी वाशांमधून आडवी नेताना दाराजवळच्या वाशातलं भोक जरा पुढच्या अंगाला आलं, म्हणून तू त्यावर लोखंडी प्लेट ठोकलीस. तळहाताएवढी, चार दातांची. सुताराचा खिळा नळीत जाऊ नये म्हणून असते ती. आणि प्लेट ठोकली की तिच्यावरून वाशावर उतरणारी एक रेघ निळ्या पेन्सिलीने ओढायची, ही तुझी सवय. मी चिडवायचो, "मास्तर, वही तपासून झाली का?" तू म्हणायचास, "रेघ ओढली की मला घरी झोप लागते."

दाराजवळच्या वाशावर प्लेट होती, लौरी. मी काढली.

भिंतीच्या फळ्या पातळ होत्या. प्लेटवर फळी फुगायची आणि वरची चौकटीची पट्टी डुलायची, एक बाजू टेकवली की दुसरी उठायची. फळीला मागून खाच पाडली असती तर वीस मिनिटांत काम झालं असतं. पण शनिवार होता, नवा सौना पहिल्यांदाच तापत होता आणि आईने दोनदा हाक मारली होती. "आर्वो, तुझं लाकूड पळून जाणार नाहीये, वाफ पळून जाईल!" मी फळी उचकटली, पकडीने प्लेट उपटली, फळी परत बसवली. पट्टी अशी बसली की कागद आत जाईना. नळी कुठे आहे ते मला ठाऊक आहे, तिथे खिळा मारायचा नाही, असं स्वतःला सांगितलं. नव्या पंधरा गेजच्या नेलरमध्ये अडीच इंची खिळे भरलेले होते. दोन इंची गाडीत होते. गाडी अंगणात होती.

एक खिळा वेगळा वाजला. लाकडात जाणाऱ्या खिळ्याचा आवाज भरीव असतो, हा तसा नव्हता. मी हात थांबवून कान दिला. पाणी आलं नाही. मी पुढचा खिळा मारला आणि आंघोळीला गेलो. तू माझ्या शेजारीच बसला होतास. गरम दगडांवर पाणी ओतून म्हणालास, "दाराचं काम देखणं झालंय."

त्या खिळ्याने आपलं भोक आपणच बुजवलं होतं. सात वर्षं बुजवून धरलं. मग तो गंजला, आणि थेंब थेंब पाणी फरशीच्या फळ्यांखाली मुरत राहिलं. पुढचं तुला पाठ आहे. शनिवार होता, आई आंघोळ करून बाहेर आली, दाराजवळ पाय टाकला आणि जमीन खाली गेली. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ती उठली नाही, आणि एप्रिलमध्ये आपण तिला पोचवून आलो.

भिंत मी एकट्याने उघडली होती. हे तुला माहीत नाही. नळीत माझा खिळा होता. वाशावर चार दातांची चार भोकं होती आणि तुझी अर्धी निळी रेघ होती, ओल्या लाकडावरसुद्धा स्पष्ट. मी पटाशी घेतली आणि तो थर तासून काढला. ढलप्या सौनाच्या चुलीत टाकल्या. मग गावातल्या प्लंबरला बोलावलं. त्याने खिळा पाहिला, वासा पाहिला आणि विचारलं, "प्लेट कुठाय?" धंद्यात ठरलेलंच आहे, प्लेट नसेल तर दोष प्लंबरचा. सुताराला भिंतीच्या आतलं दिसत नाही.

हेल्मीच्या स्वयंपाकघरातली ती दुपार मला रोज आठवते. ती तुझ्यावर ओरडली, "चार दातांची एक प्लेट ठोकायला जमलं नाही तुला?" तू म्हणालास, "ठोकली होती गं. मला आठवतंय." "मग गेली कुठे? उंदरांनी खाल्ली?" मी तेव्हा वेलदोड्याचा पाव कापत होतो. मी म्हणालो, "जाऊ दे हेल्मी, इतक्या प्लेटा ठोकताना एखादी राहून जाते." मोठा समजूतदार भाऊ! तू माझ्याकडे वळलास. "आर्वो, फळ्या तू लावल्यास. तू पाहिली असशील ना?"

मी म्हणालो, "मला नाही आठवत."

तुझा चेहरा मी पाहिला. तोवर तुला स्वतःची खात्री होती, त्या क्षणी ती गेली. वर्षभरात तू धंदा सोडलास, डुलुथला गेलास, शाळेत रखवालदार झालास. इंगा म्हणायची, लौरीला फोन कर. मी म्हणायचो, त्याला वेळ हवा आहे. वेळ मला हवा होता, आणि मी तो तुझ्या वाट्यातून घेतला.

तो पंधरा गेजचा नेलर मी पुन्हा हातात धरला नाही, असं लिहिलं तर बरं दिसेल. पण तो अजून वापरतो. चांगला चालतो.

आता हेल्मीकडे जायची वेळ झाली. बाकीचं उद्या.

रविवार, सकाळ

काल हेल्मीकडे गेलो. सौना तापलेला होता. दारातच, बूटसुद्धा न काढता, तिला सगळं सांगितलं आणि प्लेट टेबलावर ठेवली. हो, ती माझ्याकडेच होती. तेरा वर्षं हत्याराच्या पेटीत, तळच्या कप्प्यात. फेकून द्यायला तीनदा तळ्यावर गेलो होतो आणि तीनदा परत आणली. का, ते मला सांगता येत नाही.

हेल्मीने चष्मा लावला. रेघेवरून बोट फिरवलं. मला वाटलं ती भांडं फेकून मारील. ती एवढंच म्हणाली, "मी त्याला उंदरांनी खाल्ली का विचारलं होतं." मग चष्मा काढून ठेवला. "तू घरी जा, आर्वो. आज इथलं पाणी तुझ्यासाठी तापवलेलं नाही." मी निघालो तर मागे दारापर्यंत आली. "आणि पत्र सोमवारी टाकलं नाहीस तर मी स्वतः गाडी काढून डुलुथला जाईन." घरी येऊन इंगाला सांगितलं. सकाळी तिने कॉफी ठेवली, पण माझा कप काढला नाही. मी काढून घेतला.

लौरी, मी तुझी माफी मागतो. द्यावीशी वाटली नाही तर देऊ नकोस, मला ते समजेल. आईचं मरण माझ्या हातून झालं आणि ते मी तुझ्या डोक्यावर ठेवलं. तू ते इतकी वर्षं वाहिलंस, माझ्या शेजारी उभं राहून तिच्या शवपेटीवर माती टाकलीस, आणि मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

प्लेट या पाकिटातच आहे. दात वाकलेत ते माझ्या पकडीने. पुसू नकोस, निळी रेघ अजून दिसते. उरलेली अर्धी मी जाळली, पण ही तुझ्याच हाताची आहे. तैनाला दाखव, तिला हे पत्र वाचू दे. तिने मला काका म्हणणं सोडलं तरी चालेल.

मग हात धू आणि लेम्पीला उचलून घे. मानेखाली हात धरायचा, एवढंच लक्षात ठेवायचं असतं. तू लक्षात ठेवणारा माणूस आहेस, लौरी. तू विसरला नव्हतास. एकदाही नाही.

खाली 'तुझा थोरला भाऊ' लिहायला हात धजत नाही, म्हणून

प्लेट काढणारा,
आर्वो