वरून प्यायचे ग्लास

मॉन्ट्रियल,
फेब्रुवारीतला कुठलासा मंगळवार

ती. ताईस,

धाकट्या देवदत्तचा वाकून नमस्कार. (इथे अंगावर इतके कपडे असतात की पुरतं वाकता येत नाही. जेवढा झाला तेवढा गोड मानून घे.) जनार्दनभाऊजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुझी साखर काय म्हणते? इकडे आम्ही ठीक. बर्फ खिडकीच्या कठड्याला टेकलंय आणि मी दिवसाचा बराचसा वेळ त्याच्याकडे बघण्यात घालवतो. उल्का म्हणते, तुम्हाला नागपूरला ठेवलं काय आणि लेकीकडे आणून बसवलं काय, तुम्ही खिडकीच बघणार. तिचं म्हणणं खरं आहे.

आपल्या ऊर्मीचं एतिएनशी ठरल्याचं कळवलं, तेव्हापासून तू आमचा फोन उचलत नाहीस. म्हणून हे पत्र. पण धास्ती घेऊ नकोस, त्या विषयावर मी चकार शब्द लिहिणार नाही. मी फक्त ग्लासांबद्दल लिहिणार आहे.

झालं असं की गेल्या रविवारी एतिएनचे आईवडील पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला यायचे होते. आदल्या दिवशी उल्काने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, ऊर्मीने उरलेलं घर घेतलं, आणि मी जिथे उभा राहीन तिथे कुणाच्या तरी पायात येऊ लागलो. तेव्हा ऊर्मी म्हणाली, "बाबा, आपल्याकडे नीट ग्लासेसच नाहीत. सहा घेऊन या ना. आणि दोन त्यांना गिफ्ट द्यायला. सिंपल काहीतरी, प्लीज." मला घराबाहेर काढायचा हा डाव आहे हे न कळायला मी काही दूधखुळा नाही. तरी मी निघालो, कारण पहिल्यांदा येणाऱ्या व्याह्यांच्या हातात आपण काय देतो याला महत्त्व असतं. (हे तुझंच वाक्य.)

दुकान मेट्रो स्टेशनच्या अगदी बाहेर. खिडकीत काचेच्या फळ्या, फळ्यांवर ग्लासच ग्लास, आणि मागून बर्फावरचं ऊन. ताई, मी हरवलो. जाड बुडाच्या हिरव्या ग्लासात मला पहाटेचा अंबाझरी तलाव दिसला, अगदी काठावर धुणं धुणाऱ्या बायांसकट. नक्षी कापलेला एक होता, त्यात ऊन शिरलं की बाहेर यायला तयारच नव्हतं. सोनेरी काठाचा हातात घेतला, तर त्यात ऊर्मीचं लग्न लागत होतं आणि तू पुढे उभी राहून भटजींच्या चुका काढत होतीस. (हा विषय निघणार नाही म्हणालो होतो. निघाला. ग्लासाचा दोष.) किती वेळ गेला कोण जाणे, मोज्यांतलं बर्फ वितळून बुटांत पाणी झालं तेव्हा मी भानावर आलो.

मग म्हटलं, स्वप्नं पुरे, परीक्षा घेऊ. तुला ठाऊकच आहे, मी कुठल्याही भांड्याला ओठ लावत नाही. लहानपणी एकदा तांब्याला तोंड लावलं, तर तू अशी टपली मारली होतीस की पाणी नाकातून आलं. तेव्हापासून मी वरूनच पितो. आता रुंद तोंडाच्या ग्लासाने वरून प्यायलं तर पाणी गळ्यात कमी आणि कॉलरीत जास्त जातं. म्हणून मी एकेक रिकामा ग्लास उचलून, मान मागे टाकून, डोळे मिटून, धार कशी पडेल ते बघू लागलो. तिसऱ्या ग्लासाला दुकानाची मालकीण धावत आली. "साव्हा, मस्यु?" म्हणाली, म्हणजे बरे आहात ना. माझ्या नाकातून रक्त येतंय अशी तिची समजूत झाली असावी. तिने मला खुर्चीत बसवलं आणि कागदी कपात पाणी दिलं. मी तेही वरून प्यायलो. त्यानंतर ती बराच वेळ काहीतरी समजावत होती आणि मी मेर्सी मेर्सी, म्हणजे आभारी आहे, एवढंच म्हणत होतो. शेवटी मी उंच, निमुळत्या गळ्याचे, किंचित निळसर असे आठ घेतले. धार सुतासारखी सरळ.

रविवारी मंडळी आली. वडील मस्यु जिल, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, पांढरी दाढी, टाय. आई मादाम सिल्वी, हसरी, पण त्या दिवशी आमच्याइतकीच घाबरलेली. ग्लासांत उल्काने फ्रोझन कैरीचं पन्हं भरलं होतं. जिल उभे राहिले, "सान्ते" म्हणाले, म्हणजे सगळ्यांना आरोग्य लाभो, आणि सगळ्यांनी ग्लास उंचावले. आणि माझा हात वर गेला तो गेलाच. मान मागे, डोळे बंद, धार सुरू. प्यायल्यावर डोळे उघडले, तर जिल मोठ्या गांभीर्याने तेच करत होते. त्यांना वाटलं, आपल्यात आरोग्य चिंततात ते असं. पन्हं दाढीतून टायवर, टायवरून भरल्या वांग्यात. मग सिल्वीबाईंनी गळ्याशी नॅपकिन बांधला आणि त्यांनीही मान मागे टाकली. एतिएनला जमलं, ऊर्मीने त्याला शिकवलेलं दिसतं. ती स्वतः मात्र तोंड झाकून बसली होती.

नॅपकिनने हनुवटी पुसत सिल्वीबाईंनी विचारलं, असं का पितात? मी ऊर्मीकरवी सांगितलं, भांडं उष्टं होऊ नये म्हणून, आपल्यानंतर कुणाला तहान लागली तर त्याला ते चालावं म्हणून. बाई म्हणाल्या, म्हणजे तुम्ही पाणी पितानासुद्धा मागून येणाऱ्याचा विचार करता, अशा घरात मुलगा द्यायला मला आनंद आहे. ताई, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पन्ह्यावर ढकललं. हे श्रेय तुझ्या टपलीचं आहे, माझं नाही.

थोरांस नमस्कार, लहान कुणी असल्यास आशीर्वाद.

तुझा
देवदत्त

ता. क. : भेटीचे दोन ग्लास त्यांनी हौसेने नेले. जिल घरी सराव करतात आणि त्यांचे शर्ट रोज धुवावे लागतात, असं एतिएन सांगतो.

ता. क. २ : ऊर्मीने काल सांगितलं की ते ग्लास नाहीतच. एकेक फूल ठेवायच्या फुलदाण्या आहेत. मंडळींना पहिल्या क्षणीच कळलं होतं, पण तीही आपलीच पद्धत असेल असं समजून त्यांनी विषय काढला नाही.

ता. क. ३ : ग्लासांचं संपलं. बारशाला ऊर्मीच्या कानात नाव तू सांगितलंस. आम्ही ठरवलेलं बाजूला सारून, स्वतःच्या मनाचं सांगितलंस, आणि आत्याचा मान म्हणून कुणी काही बोललं नाही. आता तिने स्वतःच्या मनाचं काही ठरवलंय, तर ती कुणावर गेलीये ते तूच बघ. रोज सकाळी कामावर निघताना ती तुला फोन लावते. तुमच्याकडे तेव्हा दिवेलागण होते. फोन वाजून वाजून बंद झाला की "आत्या देवाजवळ असेल" असं म्हणते आणि बूट घालते. ताई, उद्या फोन उचल.