कपाट हललं तेव्हा

४ मार्च, मंगळवार

वकीलबाई पुन्हा तेच म्हणाल्या — "तुम्ही आई म्हणून कशा आहात, हा प्रश्नच नाही. मुलीचं रोजचं जगणं कुठे रुजलंय, कोर्ट एवढंच बघणार." म्हणजे भिंगरीचं घर इथे, की त्या देशात, तिच्या बाबाकडे. तो म्हणतो, मी नोकरीपुरती इकडे जाते म्हणाले आणि आता मुलीला परत पाठवत नाही. तिथलं ठरलं तर पाठवावीच लागेल. सात वर्षांची आहे हो ती! उद्या कोर्टाच्या बाई घर बघायला येणार.

५ मार्च

भिंगरी शाळेत गेल्या गेल्या दादाला बोलावलं. तिची खोली आम्ही उलटीपालटी केली. कपाट खिडकीपाशी, अभ्यासाचं टेबल दाराजवळ — बाईंच्या आल्या आल्या नजरेत भरावं म्हणून. दादा घामाघूम. "अगं, घर दाखवायचंय की दुकान मांडायचंय?" मी ऐकते कसली!

बाई आल्या, चहा घेतला, वही उघडून बसल्या. मग भिंगरी आली. नेहमीसारखे बूट भिरकावले, न बघता खोलीत धावली — आणि धाडकन टेबलावर आपटली! कपाटासाठी हात पुढे केला, तर तिथे नुसती भिंत. मग जे भोकाड पसरलं! "माझी खोली कुणी बिघडवली? मामा, तूच ना? आधी होतं तस्सं कर!"

धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं मला. बाई मात्र लिहीत होत्या. जाताना म्हणाल्या, "कपाट जागेवर ठेवा हो." हसल्या की काय, कळलं नाही.

६ मार्च

कपाट जागेवर. दादाची पाठ धरलीय. नको तिथे अक्कल पाजळली मी!

११ एप्रिल, शुक्रवार

इथलंच! घर इथलंच ठरलं! सुटले!

शाळा, मैत्रिणी, दवाखाना हे सगळं निकालात आहेच. पण बाईंनी अहवालात ते टेबलसुद्धा घातलं होतं! मुलगी घरात न बघता वावरते, सामान हलवलेलं तिला खपत नाही — न्यायाधीशांनी वाचून दाखवलं. वकीलबाई म्हणाल्या, "हे मी सुचवलं असतं, तर तुम्ही मला वेड्यात काढलं असतं."

कोर्टाच्या जिन्यातच बसून मनसोक्त रडले. दादाला फोन केला. "माझ्या पाठीचं सोनं झालं," म्हणतो. मग भिंगरीला शाळेतून आणलं. तिला आधी भूक लागली होती, निकाल नंतर.

१३ एप्रिल

भिंगरी व्हिडिओवर बाबाशी बोलत होती. "माझ्या खोलीत ने ना मला." त्याने फोन तिच्या तिथल्या खोलीत नेला. ही इथे बसून त्याला सांगतेय — "आता डावीकडे कपाट. त्याच्या मागे अस्वल. खाली माझ्या जुन्या चपला." एकही जागा चुकली नाही.

त्याने काहीच हलवलेलं नाही.

सुट्टीत तिला त्याच्याकडे मीच घेऊन जाणार आहे.